घोड्याच्या खुराकातल्या या चुका टाळा

मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोडा ठेवला की महिन्याभरात तबेल्यातल्या फळीवर टॉनिक-पावडरींचे डबे जमायला लागतात. खुरांचा वेगळा, रक्ताचा वेगळा, सांध्यांचा वेगळा. वैरण किती किलो जाते विचारलं, की मालक साईसकडे, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्या माणसाकडे बघतो. ५०० किलोच्या घोड्याच्या पोटात दिवसाला निदान साडेसात किलो सुकी वैरण जायलाच हवी. ती जात नसेल तर पुढचं वाचू नका, आधी वजनकाटा आणा.

माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे लेबल न वाचता डब्यावर डबा चढवणं. एका तरुण मालकाची जंपिंगची घोडी होती. तिचा साईस एकदा हळूच म्हणाला, "काका, शेपूट विंचरताना मूठभर केस हातात येतात." मालकाने त्यावर उपाय म्हणून केसांची आणखी एक पावडर सुरू केली होती! मी पाय उचलून पाहिला, तर खुराच्या वरच्या कडेलगत आडवी भेग. मग बादली उपडी टाकून बसलो आणि तिला चालू असलेले तिन्ही डबे वाचले. तिन्हींत सेलेनियम, म्हणजे जास्त झालं की केसांवर आणि खुरांवर उठणारं खनिज. घोड्याला ते दिवसाला जेमतेम १ मिलिग्रॅम लागतं, जोरात कामावर असेल तर किंचित जास्त. वर डब्यातला १० ग्रॅमचा चमचा हरवलेला, म्हणून हा मालक स्वतःच्या जिमच्या प्रोटीनचा ३० ग्रॅमचा चमचा वापरत होता. बेरीज २० मिलिग्रॅमच्या वर गेली. रक्ततपासणीतही तेच निघालं. सगळे डबे बंद केले. शेपूट काही महिन्यांनी भरली, पण भेग खाली उतरून कापली जायला जवळजवळ वर्ष गेलं, कारण खूर महिन्याला सेंटिमीटरभरसुद्धा वाढत नाही. घोडी वाचली हे नशीब. २००९ साली फ्लोरिडात पोलोचे २१ घोडे दगावले, तेही सेलेनियमचं प्रमाण चुकलेल्या टॉनिकमुळे. म्हणून माझ्या तबेल्यात नवा डबा आला की जुन्या डब्यांशेजारी ठेवून आधी वहीत बेरीज होते, मग झाकण उघडतं.

दुसरी चूक इलेक्ट्रोलाइटची, म्हणजे घामातून जाणारे क्षार भरून काढायच्या औषधाची. ऑक्टोबरच्या उकाड्यात घोडा घामाने निथळतो आणि उतावळी मंडळी लगेच त्याच्या तोंडात पेस्टची पिचकारी मारतात. अरे, आधी पाणी! घोड्याचा घाम आपल्यापेक्षा कितीतरी खारट असतो. पाण्याबरोबर मीठही निघून जातं, त्यामुळे अंगातलं पाणी कमी होऊनही त्याला तहान लागत नाही. अशा न प्यायलेल्या घोड्याला पेस्ट दिली की ती उरलंसुरलं पाणी आतड्यात ओढून घेते. मी दोन बादल्या ठेवतो, एक साधी, एक मिठाची. शिवाय रोज चंदीत, म्हणजे दाण्याच्या खुराकात, २५-३० ग्रॅम साधं मीठ. मिठाचं पाणी प्यायलेल्या घोड्याला साधं पाणी समोर हवंच. आणि माणसांच्या ओआरएसची दोन पाकिटं म्हणजे घोड्याच्या दृष्टीने चिमूटभर मीठ.

मात्र दमट हवेत घोड्याला घामच येत नसेल आणि तो नुसता धापा टाकत असेल, तर पावडर शोधत बसू नका. सावली, अंगावर गार पाणी, पंखा आणि डॉक्टरला फोन.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. रोज गव्हाचा कोंडा नको, त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला, हाडं पोकळ होतात. पावसाळ्यात रेसचे घोडे पुण्याला जातात, आपले इथेच राहतात, तेव्हा गंजीतली लसूणघास रोज हुंगा. बुरशीचा वास आला तर फेका, उन्हात वाळवून घालू नका. चंदी बदलायची तर दहा दिवसांत, हळूहळू. गाई-कोंबड्यांचं खाद्य चुकूनही नाही, त्यात मोनेन्सिन हे औषध असू शकतं आणि त्याने घोड्याचं हृदय बंद पडतं. स्पर्धेआधी अनोळखी हर्बल पावडर नको, त्यात कॅफीन निघालं तर बक्षीस परत जातं.

खुरांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व? चालेल, पण सहा-नऊ महिन्यांचा धीर असेल तरच. तीन आठवड्यांत खूर बघायला येणाऱ्यांनी पैसे नालबंदाला द्यावेत.

त्या घोडीचा मालक परवा फोनवर म्हणाला, "काका, दुबईहून एक पावडर मागवलीय. बघता का?"

"डबा आण," म्हटलं, "आणि चमचाही."