वटवाघळांचा आवाज कसा नोंदवावा आणि कसा वाचावा

वटवाघळांचा अभ्यास जाळ्याने नव्हे, ध्वनिमुद्रणाने सुरू करावा. त्यांना पकडायचे तर वनविभागाची परवानगी, प्रशिक्षण आणि रेबीजची लस हवी. शिवाय महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांच्या 2020 मधील नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला निपाह विषाणूचा माग लागला होता. त्यामुळे गुहेत शिरण्याचा मोह टाळलेलाच बरा.

वटवाघळे माणसाला ऐकू न येणाऱ्या उंच हाका देतात आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून वाट व भक्ष्य शोधतात. म्हणून यंत्र घेताना सॅम्पलिंगचा दर, म्हणजे ते सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेते, हे पाहावे. जितकी वारंवारता नोंदवायची, तिच्या किमान दुप्पट दर लागतो. म्हणजे 384 किलोहर्ट्झचे यंत्र 192 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज टिपते. सूर्यास्तापूर्वीच जागा धरावी, पण गुहेच्या तोंडासमोर उभे न राहता उड्डाणाच्या वाटेच्या बाजूला राहावे. मायक्रोफोन भिंत, पाणी आणि पानोळा यांपासून दूर ठेवावा, कारण परावर्तित आवाज मूळ हाकेत मिसळला की पुढचे मोजमाप बिघडते. काही नाकतोड्यांचा आवाजही याच उंच वारंवारतेच्या पट्ट्यात येतो, तो वेगळा ओळखायला शिकावे.

घरी आल्यावर फाइल दहापट संथ करून ऐकावी, म्हणजे 40 किलोहर्ट्झची हाक 4 किलोहर्ट्झवर येते. खरे वाचन मात्र स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे वेळेनुसार वारंवारता दाखवणाऱ्या आलेखावर, होते. वरून झपकन उतरून शेवटी जवळजवळ आडवी होणारी रेघ दिसली, तर ते बहुधा झाडांच्या कडेने किंवा दिव्याभोवती कीटक टिपणारे, पिपिस्ट्रेलस या वंशातले लहान वटवाघूळ असते. लांब, सरळ आडवी रेघ आणि टोकाला छोटा उतार दिसला, तर नाकावर नालेच्या आकाराची घडी असलेले ऱ्हिनोलोफस किंवा त्याचे जवळचे भाऊबंद समजावे. दाट पानोळ्यातही कीटकाच्या फडफडणाऱ्या पंखांचा प्रतिध्वनी त्यांना वेगळा ऐकू येतो. हाकांमधले अंतर एकाएकी घटून त्यांची सलग गुणगुण झाली, तर तो कीटकावर झडप घालण्याचा क्षण असतो. मला विचाराल तर जातीच्या नावापेक्षा ही गुणगुण आधी मोजावी. ते ठिकाण केवळ ये-जा करण्याचे आहे की शिकारीचे, हे तिच्यावरून कळते.

जात ठरवण्याची घाई का नको, याचे उत्तम उदाहरण दक्षिण भारतातच आहे. दिसायला सारख्या ऱ्हिनोलोफसमध्ये काहींची हाक 80 किलोहर्ट्झच्या आसपास, तर काहींची 90 च्या वर आढळली. आवाजाला जनुकीय पुराव्याची जोड मिळाल्यावर 2012 मध्ये ऱ्हिनोलोफस इंडोरॉक्सी ही वेगळी जात वर्णिली गेली. मात्र उडताना आणि टांगलेले असताना एकाच प्राण्याच्या हाकेत थोडा फरक पडतो, म्हणून एका नोंदीवर विसंबू नये.

आवाजावरून नातेही जोडू नये. जनुकीय अभ्यासानुसार ऱ्हिनोलोफस हे पिपिस्ट्रेलसपेक्षा मोठ्या फळभक्षी वटवाघळांच्या अधिक जवळचे आहे, आणि वडा-पिंपळावर टांगणारे ते मोठे वटवाघूळ तर प्रतिध्वनीचा वापरच करत नाही. म्हणजे ही क्षमता एकदा येऊन त्या शाखेत हरवली, की दोनदा स्वतंत्रपणे आली? अमेरिकेतील वायोमिंगमध्ये सापडलेल्या आणि 2008 मध्ये वर्णिलेल्या, सुमारे 5.2 कोटी वर्षे जुन्या ओनिकोनिक्टेरिस या जीवाश्मरूपातील वटवाघळाला उडता येत होते. परंतु प्रतिध्वनीने वाट शोधता येत होती का, यावर मतभेद आहेत.

तेव्हा वहीत ‘ऱ्हिनोलोफस, 82 किलोहर्ट्झ, उडताना, ओढ्याकाठची झाडी’ एवढेच लिहावे, मूळ फाइल न कापता जपावी आणि वडावरच्या मोठ्या वटवाघळांची मोजणी संधिप्रकाशात डोळ्यांनीच करावी.