हलक्या वजनाचं पोरगं मॅटसाठी कसं घडवायचं

पोराला तालमीत घालायला आलेला बाप पहिल्यांदा विचारतो, "वस्ताद, ह्याचं वजन कधी वाढणार?" त्याचंही चुकत नाही. जत्रेच्या मैदानात मोठं इनाम शेवटच्या जोडीला, आणि ती जोड थोराड पैलवानांची. महाराष्ट्र केसरीची गदा ८६ ते १२५ किलोच्या गटाला, वर चारचाकी गाडी. मग घरचे दूध, तूप, बदाम ओतत सुटतात.

आता दुसरी बाजू बघा. ऑलिम्पिकची कुस्ती मातीत नाही, मॅटवर म्हणजे गादीवर होते. तिथं आपल्या पुरुष मल्लांनी आणलेली सातही पदकं ६६ किलो किंवा त्याखालची. १९५२ ला हेलसिंकीत खाशाबा जाधव ५७ किलोचे, २०२४ ला पॅरिसमध्ये अमन सेहरावतही ५७ चाच. बीडच्या राहुल आवारेला २०१९ चं जागतिक कांस्य ६१ किलोत मिळालं. म्हणून पोराची हाडापेराची ठेवण, आईबापाची उंची बघा आणि मगच खुराक ठरवा. खुराक अंगी लागला पाहिजे, पोटाला नाही. आणि वाढत्या वयात स्पर्धेसाठी उपाशी ठेवून वजन तोडायचं नाही, म्हणजे नाहीच.

माती सोडू नका. ताक, तेल, हळद घातलेल्या लाल मातीत मान आणि पकड तयार होते, ती दुसरीकडे होत नाही. पण दहाव्या-अकराव्या वर्षापासून आठवड्यातले तीन दिवस तरी मॅट हवीच, कारण मातीची सवय तिथं नडते. माझ्या एका पठ्ठ्याने जत्रेत पंधरा-पंधरा मिनिटं खडाखडी (उभ्यानं हात-मान धरून एकमेकांचा अंदाज घेणं) करून मैदानं मारली होती. मॅटवर पहिल्याच कुस्तीत तो मागे सरकत गेला आणि तीनदा वर्तुळाबाहेर पडला. मातीत मागं सरकण्याला कुणी मोजत नाही. मॅटवर प्रत्येक वेळी समोरच्याला एक गुण. पंधरा वर्षांखालच्यांची कुस्ती दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची. तो अंदाज घेत बसला आणि वेळ संपली.

त्यावर उपाय साधा. जमिनीवर चुन्याने नऊ मीटर व्यासाचं वर्तुळ आखा आणि कडेला पाठ करून पोराला उभा करा. समोरचा रेटेल, ह्याने बाहेर न जाता बगलेतून निघायचं किंवा खाली बसून एकेरी पट काढायचा, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला खाली पाडायचं. पट निघाला की दोन गुण. रोज वीस वेळा, घड्याळ लावून.

जत्रेच्या कुस्त्या महिन्याला दोनच घ्या, तेवढ्यात बूट आणि प्रवासाचा खर्च भागतो. वजनात आठ-दहा किलोचा फरक असेल तर इनाम कितीही असो, जोड नाकारा. पंच कमिटी रुसते, रुसू द्या. गुडघा गेला तर कमिटी दवाखान्यात येत नाही.

आणि बूट मापाचेच घ्या. "वाढतंय पोरगं" म्हणून एक नंबर मोठा घेतला, की पट काढताना पाय आतल्या आत सरकतो.