जुन्या पिकअपचा ऑइल फिल्टर आणि सर्व्हिसिंग: या चुका टाळा

सेकंडहँड पिकअप विकणारा हमखास सांगतो, “ऑइल आत्ताच बदललंय.” कोणत्या ग्रेडचं, किती किलोमीटरवर, फिल्टरसकट की नुसतंच, हे तो सांगत नाही. लेखी बिल नसेल तर बदललेलंच नाही असं धरा. गाडी ताब्यात आली की ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि तिथून हिशेब सुरू करा. पुढचा बदल मात्र २,००० ते ३,००० किलोमीटरवरच करा. जुन्या इंजिनात साचलेला गाळ नव्या ऑइलमधल्या डिटर्जंटने सुटायला लागतो आणि पहिला फिल्टर नेहमीपेक्षा लवकर भरतो. त्यानंतर गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेल्या अंतरावर यायला हरकत नाही. फक्त पुस्तकात ‘कठीण वापर’ असा वेगळा रकाना असतो, तो वाचा. सतत लोड, धूळ, ट्रेलर ओढणं, छोट्या छोट्या फेऱ्या यांतलं काहीही रोजचं असेल तर तुमची गाडी त्याच रकान्यात बसते.

गाळ एका दमात काढण्यासाठी फ्लशिंगचं औषध ओतण्याचा मोह टाळा. जाड थर एकदम सुटला की त्याचे तुकडे चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यातल्या, पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. जाळी तुंबली की पंपाला ऑइलच मिळत नाही. लवकर लवकर केलेले दोन-तीन ऑइल बदल हेच काम बिनधोक करतात.

आटे बसले म्हणजे फिल्टर बसला असं नव्हे

सर्वात जास्त चुका इथेच होतात. जुना फिल्टर हातात घेऊन त्याच्यासारखा दिसणारा दुसरा घ्यायचा, ही पद्धत जुन्या गाडीत तर अजिबात नको, कारण आधीचा फिल्टरच चुकीचा बसवलेला असू शकतो. इंजिनचा कोड आणि गाडीचं उत्पादन वर्ष घेऊन कंपनीच्या यादीतून पार्ट नंबर काढा. एकाच मॉडेलच्या पिकअपमध्ये कंपनीने मधल्या काळात इंजिन बदललेलं असू शकतं, त्यामुळे नुसतं मॉडेलचं नाव पुरत नाही.

नंबर न जुळवता घेतलेला फिल्टर चार ठिकाणी दगा देतो.

पहिली जागा आटे. पाऊण इंची, इंचाला १६ आट्यांचा फिल्टर आणि एम २० × १.५ आट्यांचा फिल्टर डोळ्यांना सारखेच दिसतात. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी. इंजिनवरच्या त्या मापाच्या स्टडवर, म्हणजे फिल्टर बसतो त्या आट्यांच्या दांड्यावर, २० मिमीचा फिल्टर सहज फिरत जातो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो, पण आट्यांची पकड वरवरचीच असते. ऑइलचा दाब वाढला की तो चालत्या गाडीत निसटू शकतो. फिल्टर फिरवताना नेहमीपेक्षा ढिला, हलता वाटला तर तिथेच थांबा.

दुसरी जागा रबरी गॅस्केट. तिचा व्यास इंजिनवरच्या घासलेल्या सपाट कड्यावर पूर्ण बसला पाहिजे. थोडी बाहेर किंवा आत सरकली तरी ती सुरुवातीला गळत नाही. गळते ती थंड सकाळी, जाड ऑइलचा दाब वाढतो तेव्हा.

तिसरी जागा बायपास व्हॉल्व्ह. ऑइल थंड असलं किंवा फिल्टरचा कागद भरला की हा व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळता थेट इंजिनला जातं. बेअरिंग कोरडं पडण्यापेक्षा न गाळलेलं ऑइल परवडलं, असा हा हिशेब. उघडण्याचा दाब साधारण ०.६ ते १.५ बार या टप्प्यात कुठेतरी असतो आणि इंजिनागणिक वेगळा असतो. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतो, म्हणून त्यांच्या फिल्टरमध्ये तो मुळी नसतोच. असा फिल्टर दुसऱ्या इंजिनला लावला तर थंड स्टार्टला कागदावर सगळा दाब येतो, घड्या चेपतात, फाटतात आणि कागदाचे तंतू ऑइलच्या वाटेत शिरतात.

चौथी जागा परतरोधक पडदा, म्हणजे तोंडाजवळची रबरी चकती. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल चेंबरमध्ये उतरू न देणं हे तिचं काम. फिल्टर तोंड वर करून उभा असेल तर तिचं फारसं काम पडत नाही. आडवा किंवा तोंड खाली असेल तर ती हवीच. साधी काळी नायट्राइल रबराची चकती उष्णतेने कालांतराने कडक होते, सिलिकॉनची जास्त काळ मऊ राहते. सिलिकॉनची बहुधा केशरी किंवा लालसर असते, पण नुसत्या रंगावर विसंबू नका, रंग कशालाही देता येतो.

खोक्यावरच्या मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग) आकड्यालाही भुलू नका. ‘१० मायक्रॉन’ एवढंच छापलं असेल तर त्याला काही अर्थ नाही, कारण त्या आकाराचे निम्मे कण अडवणारा फिल्टरही तेच लिहू शकतो. आकारासोबत टक्केवारी हवी, म्हणजे अमुक मायक्रॉनचे अमुक टक्के कण, आणि ती आयएसओ ४५४८-१२ या चाचणीतली असेल तर उत्तम. बारीक गाळणारा पण कागद कमी असलेला फिल्टर लवकर तुंबतो आणि उरलेलं अंतर बायपासवरच काढतो. लांब पल्ल्याचं ऑइल वापरत असाल तर सिंथेटिक माध्यमाचा फिल्टर घेण्यात अर्थ आहे. ५,००० किलोमीटरवर बदलणाऱ्याला चांगल्या कंपनीचा कागदी फिल्टर पुरतो.

नकली माल ओळखायला टॉर्च लागते. मधल्या भोकातून आत बघा: नळी सरळ आहे का, भोकं सारखी पडलीत का, घड्या एकसारख्या आहेत का. आट्यांवरून बोट फिरवा. धातूचा कीस हाताला लागला तर परत करा, कारण मधली बाजू ही गाळलेल्या ऑइलची बाजू आहे, तिथला कीस थेट बेअरिंगमध्ये जातो.

बसवताना काय बिघडतं

इंजिन पाचेक मिनिटं चालवून ऑइल कोमट करा. लांबवरून आल्या आल्या खोलू नका, भाजतं. गाडी सपाट जागी, चाकांना अडथळा, आणि खाली शिरायचं असेल तर स्टँडवर. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही. ऑइल भरायचं वरचं झाकण काढा, चेंबरखालचा ड्रेन बोल्ट खोला, १० ते १५ मिनिटं निथळू द्या.

आता फिल्टर. उतरवल्यावर पहिली नजर त्याच्या तोंडावर: जुनी गॅस्केट त्याच्याबरोबर आली का? बरेचदा ती इंजिनलाच चिकटून राहते. काळी, तेलकट, चपटी झालेली असते, त्यामुळे दिसत नाही. नखाने चाचपून बघा. तिच्यावरच नवा फिल्टर चढवला की दोन गॅस्केट एकमेकींवर बसतात, इंजिन रेस होताच वरची सरकते आणि मिनिटभरात चेंबर रिकामं होऊ शकतं. ऑइल बदलल्यानंतर लगेच इंजिन जाम झाल्याच्या तक्रारींत हे कारण नेहमी तपासावं.

कडं स्वच्छ कापडाने पुसा, नव्या गॅस्केटला बोटाने नवं ऑइल लावा. कोरडी गॅस्केट फिरताना पीळ खाते. हाताने फिरवत टेकेपर्यंत न्या, मग फिल्टरवर छापल्याप्रमाणे आणखी फिरवा, बहुतेकांवर पाऊण फेरा असतो. पट्ट्याचा पाना काढण्यासाठी आहे, बसवण्यासाठी नाही. आवळून गळती थांबत नसते. गॅस्केट चेपते, आणि पुढच्या वेळी फिल्टर निघत नाही म्हणून कोणीतरी त्यात स्क्रूड्रायव्हर ठोकतं, पत्रा फाटतो आणि हातात नुसतं डबडं येतं.

फिल्टर तोंड वर करून उभा बसत असेल तर आधी ऑइल भरून लावता येतो. भरताना कडेच्या छोट्या भोकांतून भरा. मधल्या भोकातून ओतलं तर ते न गाळताच इंजिनला मिळतं.

काडतूस पद्धतीचा, म्हणजे टोपणात घालायचा फिल्टर असेल तर टोपणाची ओ-रिंग आणि मधल्या दांड्याची छोटी ओ-रिंग दोन्ही बदला. छोटी रिंग खोक्यात असते आणि खोक्यासकट फेकली जाते. प्लॅस्टिकच्या टोपणावर टॉर्कचा आकडा कोरलेला असतो, अनेकांवर २५ न्यूटन-मीटर. त्याहून जास्त आवळलं तर टोपण तडकतं.

ड्रेन बोल्टचं तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं वॉशर दर वेळी नवं. जुनंच वापरलं की गळतं, गळतं म्हणून आवळलं जातं, आणि ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. जुन्या पिकअपमध्ये बोल्टला टेफ्लॉन टेप किंवा सीलंट दिसलं तर आटे आधीच गेलेत असं समजा. त्यावर आटे-दुरुस्तीचं इन्सर्ट बसवून घ्या. पुढच्या साइझचा बोल्ट ठोकू नका.

पुस्तकातल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी भरा. पुस्तकात फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय असे दोन आकडे असतात, पाहिजे तो पहिला. इंजिन सुरू करा, रेस देऊ नका. रिकाम्या फिल्टरमुळे ऑइलचा दिवा काही सेकंद जास्त राहील. १० सेकंदांतही गेला नाही तर बंद करा. गेला तर टॉर्च घेऊन खाली बघा, मग बंद करून १० मिनिटं थांबा आणि डिपस्टिकवर उरलेलं मोजून भरा. कमाल खुणेच्या वर गेलं तर काढा. फिरता क्रँकशाफ्ट ऑइलला लागून फेस होतो आणि फेसाळलेलं ऑइल बेअरिंगला धरत नाही.

डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या डिझेल पिकअपमध्ये कमी राखेचंच ऑइल घाला: पुस्तकात सांगितलं असेल त्याप्रमाणे एसीईए या मानकाचा सी गट किंवा एपीआय या मानकाचं सीजे-४, सीके-४. काजळी जाळून साफ होते, ऑइलच्या मिश्रणातली राख जळत नाही, ती डीपीएफमध्ये कायमची साचते.

लक्षणावरून मूळ शोधताना

चावी दिल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी ऑइलचा दिवा लागलाच पाहिजे. न लागणं ही वाईट बातमी: बल्ब गेलाय, वायर सुटलीय, किंवा सततच्या दिव्याचा त्रास नको म्हणून कोणीतरी ती काढून ठेवलीय.

सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड आणि मग शांत, असं असेल तर आधी फिल्टर बदलून बघा. परतरोधक पडदा कडक झाला असण्याची शक्यता जास्त. तरीही आवाज राहिला तर टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारा भाग, बघायला हवा.

गरम इंजिनला आयडलिंगवर दिवा लुकलुकतो, त्यावर एक ग्रेड जाड ऑइल ओतून गाडी विकण्याची पद्धत जुनी आहे. लेव्हल बरोबर असेल तर सेन्सर काढून तिथे यांत्रिक गेज लावा आणि खरा दाब मोजा. दाब पुस्तकाप्रमाणे असेल तर सेन्सर खराब. कमी असेल तर पंप किंवा बेअरिंग, आणि तो खर्च फिल्टरने टळणारा नाही.

डिझेलचं ऑइल दोन दिवसांत काळं झालं म्हणून घाबरू नका, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. लेव्हल आपोआप वाढतेय ही मात्र गंभीर गोष्ट. डिझेलचा वास येत असेल तर इंजेक्टर गळतोय किंवा डीपीएफची सफाई अर्धवट राहतेय. ऑइल चहासारखं दुधाळ झालं असेल तर कूलंट शिरलंय, गाडी चालवू नका. नुसत्या झाकणाखाली थोडा पिवळसर साका दिसला तर तो बहुधा छोट्या फेऱ्यांत जमलेला ओलावा असतो.

काढलेला फिल्टर फिल्टर-कटरने कापून घड्या उलगडून बघा. हॅकसॉ नको, तिचाच कीस आत पडतो. चुंबकाला चिकटतो तो लोखंडी कीस. न चिकटणाऱ्या चकचकीत किंवा तांबूस पापड्या दिसल्या तर त्या बेअरिंगच्या असू शकतात.

बाकीचं, थोडक्यात

एअर फिल्टरला जोरात हवा मारू नका, कागदाला बारीक भोकं पडतात. खोक्याच्या क्लिपा आणि टर्बोकडे जाणारा पाइप मात्र नक्की बघा. तिथून शिरलेली धूळ पिस्टन रिंग खाते.

डिझेल फिल्टरखालचं पाणी वेळच्या वेळी सोडा. कॉमन रेल (जास्त दाबाने डिझेल फवारणाऱ्या) इंजिनात नवा फिल्टर डब्यातल्या डिझेलने भरून लावू नका, प्राइमर पंपाने भरा.

गिअर बॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल बदलताना आधी भरायचा बोल्ट सुटतो का बघा, मगच खालचा खोला. उलटं केलंत आणि वरचा गंजून जाम निघाला तर गाडी रिकामी होऊन बसते. गिअर बॉक्सला जीएल-४ दर्जाचं ऑइल सांगितलं असेल तर जीएल-५ घालू नका, काही जीएल-५ ऑइलमधलं गंधक-फॉस्फरस पितळी सिंक्रोनायझर रिंगना सोसत नाही.

मागच्या ॲक्सलचं सील पुन्हा पुन्हा जात असेल तर ब्रीदर, म्हणजे ॲक्सलमधली हवा बाहेर सोडणारी तोटी, बघा. तो चिखलाने बुजला की आतली गरम हवा सीलमधूनच वाट काढते. प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसला (सांध्याला) ग्रीस भरायचं निपल असेल तर जुनं ग्रीस चारही टोकांनी बाहेर येईपर्यंत ग्रीस मारा. एका टोकातून आलं नाही तर तिथलं बेअरिंग कोरडं आहे.

मागच्या ॲक्सलजवळ लोडप्रमाणे ब्रेकचा जोर ठरवणारा व्हॉल्व्ह आणि त्याची दांडी अनेक पिकअपना असते. पाटे वाढवलेल्या गाडीत ती दांडी तशीच राहते, व्हॉल्व्हला गाडी कायम रिकामीच वाटते आणि भरल्या गाडीला मागचे ब्रेक कमी लागतात. पाटे वाढवलेले दिसले तर आधी हे तपासा. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी, टायमिंग बेल्टची नोंद नसेल तर लगेच, तोही टेन्शनर आणि बेल्टवर चालत असेल तर वॉटर पंपासकट.