कॉलेजच्या पोरांना ऑफिसचं लिखाण शिकवायचंय? आधी त्यांचा वाचणारा बदला

बिझनेस रायटिंग हा विषय पहिल्यांदा गळ्यात पडला ना की आपण सगळे एकच चूक करतो, मीही केली. पहिल्या तासाला फळ्यावर पत्राचा फॉरमॅट काढायचा, पत्ता इथे, तारीख तिथे, खाली आपला विश्वासू. पोरं निमूट उतरवून घेतात, परीक्षेत तसंच्या तसं काढतात, मार्क पडतात, आणि नंतर इंटर्नशिपला जाऊन असा ईमेल लिहितात की समोरच्याने तीनदा वाचला तरी याला नक्की हवंय काय ते कळत नाही. गंमत म्हणजे फॉरमॅट कुठेही चुकलेला नसतो.

मला हे लक्षात यायला दोन-तीन बॅच गेल्या. आपले विद्यार्थी शाळेपासून एकाच माणसासाठी लिहीत आलेत, तो म्हणजे पेपर तपासणारा, आणि हा वाचक जगावेगळा असतो. त्याला उत्तर आधीच माहीत असतं, शेवटपर्यंत वाचायचा त्याला पगार मिळतो आणि पानं भरली की तो खूश होतो असा पोरांचा अनुभव असतो (फारसा चुकीचाही नाही म्हणा). ऑफिसातला वाचणारा बरोब्बर उलटा. विषय त्याला माहीत नाही, वेळ नाही, आणि पहिल्या दोन ओळींत काही हाती लागलं नाही तर तो सरळ पुढच्या ईमेलवर जातो. हा वाचणारा पोरांच्या डोळ्यासमोर उभा करणं हेच खरं शिकवणं, आता ते कसं करायचं ते सांगतो.

पहिल्या तासाला काहीही न शिकवता एवढंच सांगा, मला एक ईमेल लिहा, असाइनमेंटला मुदतवाढ हवीये, दहा मिनिटं. मग घरी जाऊन ते वाचा. बहुतेक ईमेल साधारण असे निघतील:

"नमस्कार सर, मी आपल्या वर्गाचा विद्यार्थी आहे. गेल्या आठवड्यात माझी तब्येत ठीक नव्हती. त्यातच लॅपटॉप बिघडला व तो दुरुस्तीला दिला आहे. मी खूप प्रयत्न केले परंतु अडचणी आल्या. तरी कृपया समजून घेऊन योग्य तो निर्णय घ्यावा ही नम्र विनंती."

दुसऱ्या तासाला नावं काढून यातले चार-पाच स्क्रीनवर दाखवा, प्रत्येकी फक्त दहा सेकंद, आणि स्क्रीन बंद करून विचारा, याला काय हवंय? कुठली असाइनमेंट? किती दिवस? वर्ग गप्प. मग हळूच कोणीतरी हसतं कारण तो त्याचाच ईमेल असतो. "योग्य तो निर्णय" म्हणजे कुठला निर्णय, हे लिहिणाऱ्याने ठरवलेलंच नाही आणि ते काम वाचणाऱ्यावर ढकललंय, हे त्या दहा सेकंदांत जितकं कळतं तितकं माझ्या तासाभराच्या लेक्चरमध्ये कधी कळलं नव्हतं. त्यानंतर सगळ्यांनी मिळून तोच ईमेल पुन्हा लिहायचा:

"सर, दुसरी असाइनमेंट बुधवारऐवजी शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत दिली तर चालेल का? लॅपटॉप दुरुस्तीला आहे, उद्या परत मिळेल. निम्मं काम झालंय, ते सोबत जोडलंय."

मागणी वर आली, कारण एका वाक्यात आवरलं आणि सरांना फक्त हो किंवा नाही म्हणायचं राहिलं. कोणीतरी हमखास म्हणतं, पण सर हे उद्धट वाटत नाही का? हा प्रश्न टाळू नका, महत्त्वाचा आहे. आपल्याकडे नम्रपणा म्हणजे लांबण लावणं असं डोक्यात बसलंय. त्यांना सांगा की समोरच्याचा वेळ वाचवणं हाही नम्रपणाच, आणि नमस्कार घालायला कोणी अडवलेलं नाहीये, फक्त तो पाच ओळींचा नको.

यानंतर एक सवय लावा आणि सेमिस्टर संपेपर्यंत सोडू नका. काहीही लिहायच्या आधी एका चिठ्ठीवर एक वाक्य: "हे वाचून अमुक माणसाने तमुक करावं." चिठ्ठी लिहिता आली नाही तर लिखाणाला हात लावायचा नाही. सुरुवातीला पोरं लिहितात "वाचून माहिती मिळावी", ते चालवून घेऊ नका. माहिती मिळाल्यावर तो माणूस काय करणार? मंजुरी देणार, पैसे देणार, तारीख बदलणार, का काहीच नाही करणार? काहीच करणार नसेल तर बहुतेक वेळा तो ईमेल पाठवायचीच गरज नसते.

आता एक उदाहरण, जे मी दरवर्षी वापरतो आणि ज्याने वर्ग खरोखर शांत होतो. कोलंबिया हे अंतराळयान १६ जानेवारी २००३ ला उडालं तेव्हा बाहेरच्या टाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच इंजिनियर लोकांनी नुकसानीचा अंदाज बांधला आणि नासासमोर स्लाइड मांडल्या. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा वाचून वाटावं की अंदाज सुरक्षित बाजूलाच आहे, खाली बुलेटच्या आत बुलेट, 'लक्षणीय' अशा अर्थाचा शब्द पाच वेळा आणि दर वेळी तो नक्की किती ते सांगितलेलं नाही, आणि अगदी तळाला बारीक अक्षरात खरी गोष्ट: चाचण्या झाल्या होत्या ३ घनइंचाच्या तुकड्यावर आणि आदळलेला तुकडा होता अंदाजे १,९२० घनइंचाचा. म्हणजे ६४० पट. १ फेब्रुवारीला परत येताना यान तुटलं, कल्पना चावलासह सातही जण गेले. अपघात त्या स्लाइडमुळे झाला असं म्हणणं चूक ठरेल, तसं वर्गातही म्हणू नका, पण चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या अहवालात या स्लाइडचा वेगळा उल्लेख करून टीका केली होती.

हे सगळं सांगायच्या आधी पोरांना फक्त कच्ची माहिती द्या, तुकड्याचे दोन आकार, चाचण्या कशावर झाल्या, आणि म्हणा, मथळा तुम्ही लिहा. कोणी लिहितं "चाचणीच्या माहितीचा आढावा", कोणी "फोमबाबत निरीक्षणं". मग एखादी लिहिते, "आदळलेला तुकडा चाचणीतल्या तुकड्याच्या ६४० पट, आपल्या चाचण्या इथे लागू होत नाहीत". तिथे थांबायचं आणि मग गोष्ट सांगायची. त्यानंतर रिपोर्टच्या मथळ्यात निष्कर्ष का हवा हे वेगळं शिकवावं लागत नाही.

फॉरमॅट, पत्र, मेमो, मिनिट्स (म्हणजे मीटिंगची नोंद), हे एका तासात उरका. नमुने द्या, जवळ ठेवू द्या, पाठ करून घेऊ नका कारण प्रत्येक ऑफिसचं टेम्प्लेट वेगळं असतं. मिनिट्समध्ये कोण काय बोललं यापेक्षा काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, एवढं आलं की झालं. सीसी म्हणजे कार्बन कॉपी हे मात्र जरूर सांगा, कार्बन पेपर त्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलेलाच नसतो, आणि सीसीत कोणाला घातलं की कोणाला राग येतो यावर अर्धा तास फुकट रंगतदार चर्चा होते.

वाक्यांवर काम करायचं तर सरकारी थाटाचं एक वाक्य फळ्यावर लिहा: "सदर बाबीची दखल घेण्यात आली असून आवश्यक ती कार्यवाही लवकरच करण्यात येईल." आणि विचारा, दखल कोणी घेतली? कार्यवाही म्हणजे नक्की काय? लवकरच म्हणजे सोमवारी की पुढच्या वर्षी? पोरं रिकाम्या जागा भरतात आणि वाक्य होतं, "तुमची तक्रार मी वाचली, बदली मशीन गुरुवारी पाठवतोय." पण लगेच "करण्यात येईल" वर सरसकट बंदी घालू नका. कर्ता महत्त्वाचा नसेल किंवा सहकाऱ्याला सगळ्यांसमोर उघडं पाडायचं नसेल तर "फाइल चुकून डिलीट झाली" हेच वाक्य योग्य. कधी लपवणं म्हणजे समजूतदारपणा आणि कधी जबाबदारी झटकणं, यावर त्यांना भांडू द्या. आणि हा रोग नवा नाही बरं का, चर्चिलने ९ ऑगस्ट १९४० ला, म्हणजे ऐन युद्धात, आपल्या लोकांना मेमो काढला होता की रिपोर्ट छोटे लिहा, आकडेवारी आणि खोलातलं विश्लेषण परिशिष्टात टाका, आणि असले भारदस्त शब्दप्रयोग बंद करा. सगळा मेमो एका पानाचा.

टोन शिकवायला सगळ्यात कामाचा सराव हा: एकच बातमी, ऑर्डर चार दिवस उशिरा जाणार, आणि तीन ईमेल, एक ग्राहकाला, एक बॉसला, एक गोदामातल्या माणसाला. ग्राहकाला नवी तारीख आणि त्याच्यापुढचे पर्याय हवेत, बॉसला कारण आणि तुम्ही आत्तापर्यंत काय केलं ते, गोदामवाल्याला आज काय पॅक करायचं एवढंच. तिन्हींची लांबी, क्रम, भाषा वेगळी होते हे पोरांना पटकन जमतं. अडकतात कुठे, तर ग्राहकाच्या ईमेलमध्ये काही जण बिनधास्त थाप मारतात, "तांत्रिक कारणामुळे". म्हणून माझी अट असते की तिन्ही ईमेल शेजारी ठेवून वाचले तर एकही गोष्ट एकमेकांच्या विरोधात जाता कामा नये, कारण खऱ्या ऑफिसात कोणीतरी फॉरवर्ड करतंच. वाईट बातमी मऊ करायला सुरुवातीला गोड परिच्छेद घाला असं बरीच पुस्तकं सांगतात, माझं मत एक वाक्य पुरे, ग्राहक गोड बोलणं वाचताना मनात तारीखच शोधत असतो.

सूचना लिहायच्या तासाला कागदाची होडी. एकाने पायऱ्या लिहायच्या, चित्र काढायचं नाही, दुसऱ्याने लिहिलंय तेवढंच करायचं आणि लिहिणाऱ्याने तोंड बंद ठेवायचं. "कागद मधोमध दुमडा", आडवा की उभा? लिहिणारा तळमळत बसतो. गोंधळ होतो, शेजारच्या वर्गातून तक्रार येते, पण करा.

आता तपासणीचं, कारण बहुतेक शिक्षक इथेच हार मानतात. साठ पोरं, एका कागदाला दहा मिनिटं, म्हणजे दहा तास, एका असाइनमेंटचे. त्यामुळे मोठे रिपोर्ट कमी आणि दीडशे शब्दांची कामं जास्त द्या, आणि शब्दमर्यादा 'किमान' नाही, 'कमाल' ठेवा. प्रत्येक चूक लाल करू नका, कोणी वाचत नाही ते, मार्क बघून कागद बॅगेत जातो. मी समासात वाचक म्हणूनच लिहितो: "इथे थांबलो", "हे दोनदा वाचलं", "आता मी काय करू?" आणि निम्मे मार्क दुसऱ्या ड्राफ्टला ठेवतो, पहिला सोबत जोडायचा म्हणजे काय बदललं ते दिसतं. ग्रुप रिपोर्ट द्यायचाच असेल तर शेवटचा हात एकाच पोराने फिरवायचा हे आधी ठरवून द्या, नाहीतर पाच जणांचे पाच आवाज आणि तीन फॉन्ट.

एआयचा प्रश्न येणारच. बंदी घालून काही होत नाही हे मी मान्य करून टाकलंय. मी उलट वर्गातच मशीनकडून ईमेल लिहून घेतो आणि पोरांना खोडायला देतो. भाषा गुळगुळीत असते पण तारीख नसते, आकडा नसतो, आणि आपण न दिलेली वचनंही त्यात हळूच घातलेली असतात. ती वचनं शोधायला लावा, तो चांगला व्यायाम आहे. आणि चिठ्ठीवरचं ते एक वाक्य मात्र हातानेच.

शेवटच्या परीक्षेला मी थिअरी विचारत नाही. एक खोटा इनबॉक्स देतो, सहा ईमेल, दीड तास. एक रागावलेला ग्राहक, एक बॉसचा अर्धवट प्रश्न, एक मीटिंगचं बोलावणं, एक नुसता सीसीत आलेला, एक सहकाऱ्याची चूक दाखवणारा, एक असंच. कोणाला आधी उत्तर द्यायचं, कोणाला द्यायचंच नाही, हे त्यांनी ठरवायचं आणि कारण एका ओळीत लिहायचं. मागच्या खेपेला एकीने रागावलेल्या ग्राहकापुढे लिहिलं होतं, "याला आधी फोन करेन, मग काय ठरलं ते ईमेलवर पाठवीन", आणि खाली तो दोन ओळींचा ईमेल. त्याला मी पूर्ण मार्क दिले, मॉडरेशनला, म्हणजे दुसऱ्या शिक्षकांनी मार्क पुन्हा तपासताना, त्यावरून वाद झाला, पण मार्क कमी केले नाहीत.