झॅपियरची 30 सेकंदं आणि तीनदा गेलेलं बिल

झॅपियर म्हणजे वेगवेगळी ॲप्स आपोआप जोडणारी सेवा. तिच्यासाठी स्वतःचं इंटिग्रेशन (आपला सर्व्हर झॅपियरला जोडणारा कोड) लिहिणारा प्रत्येक जण कधी ना कधी 30 सेकंदांशी अडखळतो. तेवढ्यात ॲक्शनचं (झॅपियर आपल्या सर्व्हरकडून करून घेतं त्या कामाचं) उत्तर आलं नाही, की ती पायरी फसली अशी नोंद होते. ‘टाइमआउट वाढवा’ म्हणणाऱ्यांना हात जोडा. ही मर्यादा आपण वाढवू शकत नाही.

आधी लॉग (सर्व्हरने ठेवलेल्या नोंदी) उघडून सगळ्यात जड रेकॉर्डला किती वेळ लागतो ते बघा. पाच-सात सेकंदांत भागत असेल, तर पुढचं काहीच करू नका.

नसेल भागत, तर परफॉर्ममध्ये (ॲक्शन चालवणाऱ्या फंक्शनमध्ये) कॉलबॅक यूआरएल (काम झाल्याचा निरोप देण्याचा पत्ता) तयार करून विनंतीसोबत सर्व्हरला द्या. सर्व्हरने काम रांगेत टाकून लगेच 202 (‘विनंती मिळाली, काम नंतर होईल’ असा एचटीटीपी कोड) पाठवायचा आणि काम झालं की त्या यूआरएलवर पोस्ट करायचं. पुढचं परफॉर्मरिझ्यूम हे दुसरं फंक्शन सांभाळतं. झॅप (झॅपियरवर रचलेली पायऱ्यांची साखळी) यासाठी 30 दिवसांपर्यंत थांबतो.

इथवर सोपं आहे. माझी फजिती झाली ती पुढे. टाइमआउट झाला म्हणजे समोरच्याने फोन ठेवला, एवढंच. आपला सर्व्हर मात्र काम करतच असतो. हे मला कळत नव्हतं तेव्हा मी लाल खूण दिसली की रिप्ले (फसलेलं पुन्हा चालवायचं बटण) दाबायचो. एका ग्राहकाला तेच बिल तीनदा गेलं आणि त्याने फोन करून विचारलं, ‘‘तिन्ही भरू का?’’

तेव्हापासून प्रत्येक विनंतीला एक किल्ली (तीच विनंती पुन्हा आली तर ओळखू येईल अशी खूण) लावतो. ती बिल क्रमांकासारख्या मूळ नोंदीतूनच घ्या. ॲक्शनच्या आत वेळेवरून किंवा रँडम आकड्यावरून बनवलीत, तर रिप्लेला नवी किल्ली निघेल आणि सगळी मेहनत पाण्यात. दुसरी चूक माझीच: ‘आधी शोधा, नसेल तर घाला’ असा कोड. दोन विनंत्या एकदम आल्या, की दोघींनाही ‘नाही’ असंच दिसतं आणि दोन्ही नोंदी आत. त्यामुळे डेटाबेसमध्ये किल्लीच्या कॉलमवर युनिक बंधन (तीच किल्ली दुसऱ्यांदा घालू न देणारा नियम) हवंच. दुसरी विनंती त्यावर आपटली, की नवं काम सुरू न करता जुन्या नोंदीत नवा कॉलबॅक यूआरएल जोडा. काम आधीच झालं असेल, तर तयार उत्तर तिथे पाठवून द्या. हा यूआरएल जपला नाही, तर रिप्ले केलेला झॅप नुसता ताटकळत बसतो.

तपासताना रांगेतल्या कामात मुद्दाम 40 सेकंदांची झोप घाला, तोच रेकॉर्ड दोनदा पाठवा आणि टेबलातल्या ओळी मोजा. एकच हवी.