पहिला घोडा घेताय? आधी विकणाऱ्याला पारखा

गोव्यात घोडा घ्यायचा तर पहिली अडचण बाजाराची. सोळाव्या शतकात अरबस्तान आणि होर्मुझचे घोडे गोव्याच्या बंदरात उतरून विजयनगरला जायचे आणि पोर्तुगिजांनी तो व्यापार मुठीत ठेवला होता. आज डिचोली-सत्तरीत शिगम्याला घोडेमोडणीचे कंबरेला बांधलेले घोडे नाचतात, तेवढेच. म्हणजे खरेदी एक तर इथल्या मोजक्या मालकांपैकी कुणाकडून, नाहीतर घाटावरून. आणि घाटावरच्या बाजारात नवखं गिऱ्हाईक दहा पावलांवरून ओळखू येतं.

घोडा पारखायला वर्षं लागतात, ती पहिल्या खरेदीआधी कुणाकडेच नसतात. विकणारा पारखणं मात्र जमण्यासारखं आहे. तो काय बोलतो याकडे फार लक्ष देऊ नका, गोड सगळेच बोलतात. तो तुम्हाला काय करू देतो ते बघा: न सांगता येऊ देतो का, तुमचा डॉक्टर आणू देतो का, खूर उचलू देतो का, आठ दिवस थांबू देतो का.

कुणाकडे बघायचं

गोव्याचा एक तरी पावसाळा काढलेला घोडा मिळत असेल तर त्यासाठी चार पैसे जास्त मोजायला हरकत नाही. इथे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. कोरड्या माळावर वाढलेल्या घोड्याचे खूर आपल्या चिखलात कुजायला लागतात, पाठीवर पावसाळी खपल्या धरतात. दमट उकाड्यात काही घोड्यांचं घाम येणंच बंद होतं, मग थोड्या चालीनंतरही ते बराच वेळ धापा टाकत राहतात. स्थानिक मालक हे लपवू शकत नाही. त्याच्या घोड्याचा खूर उचला, तळव्यातली त्रिकोणी गादी अंगठ्याने दाबा आणि वास घ्या. निरोगी गादी रबरासारखी लागते. काळा, लिबलिबीत, कुजकट वासाचा मळ निघाला तर पावसाळ्यात तबेला कोरडा ठेवलेला नाही.

घाटावरचे मोठे बाजार म्हणजे नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी दत्तजयंतीला भरणारं सारंगखेडा, नांदेड जिल्ह्यातली माळेगावची खंडोबाची जत्रा, आणि सोलापूर जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास भरणारा अकलूजचा बाजार. मारवाडी, काठियावाडी, भीमथडी, सगळं बघायला मिळतं. बघायला जरूर जा, पण पहिला घोडा तिथे उभ्या उभ्या घेऊ नका. जत्रेतला घोडा चार दिवस गर्दीत, आवाजात, बदललेल्या चाऱ्यावर उभा असतो. तो थकून शांत आहे की स्वभावानेच शांत, हे तिथे कळत नाही. विकणाऱ्याचं गाव विचारा, फोन घ्या आणि तीन आठवड्यांनी त्याच्या दारी जा. जो गावाचं नाव सांगायला कां-कूं करतो, त्याचा विषय तिथेच संपला.

जत्रेत एक मोह हमखास होतो: नाचरा घोडा. हलगी वाजली की पुढचे पाय उचलणारा, मान वळवणारा. दिसतो देखणा, पण त्याला शिकवलेलंच असं की आवाज झाला की उसळायचं. शिगम्याचा ढोल किंवा चवथीचे फटाके वाजले की तो तेच करणार, आणि पाठीवर तुम्ही असणार. वरातीच्या घोड्याचंही थोडंफार असंच. त्याला गर्दीची सवय असते, पण एकट्याने रस्त्यावर चालायची नसते.

शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड पुण्या-बंगळुरूकडून कधी अगदी स्वस्तात मिळतात. त्यांचे कागद पक्के असतात, कारण नोंद स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडियाकडे असते. तरीही पहिला घोडा म्हणून नको. कातडी पातळ, खुराक जास्त, आणि शर्यतीत दुखावलेले पाय बऱ्याचदा नंतर बोलतात.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून "आजच टोकन टाका, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे" म्हणणाऱ्याला एकच उत्तर: व्हिडिओ कॉल लाव, चारही खूर एकेक करून उचलून दाखव, मग तोंड उघडून दात दाखव. फोटो दुसऱ्याच्या घोड्याचा असेल तर कॉल लागतच नाही.

फोनवर विचारायचं ते

कधीपासून तुमच्याकडे आहे? आधी कुणाचा? का विकताय? रोज कोण बसतं? नाल शेवटची कधी बदलली? जंताचं औषध, धनुर्वाताची लस कधी? पोटशूळ कधी झाला होता का? याची वाईट खोड कोणती?

उत्तरं वहीत लिहून ठेवा आणि दहा दिवसांनी बोलण्याच्या ओघात तेच प्रश्न पुन्हा विचारा. नाल ६ ते ८ आठवड्यांनी बदलावी लागते, त्यामुळे घोडा सांभाळणाऱ्याला ती तारीख साधारण आठवतेच. "खोड काहीच नाही, गाय आहे गाय" हे उत्तर वाईट. "नाल मारताना मागचा डावा पाय देत नाही, बाकी ठीक" हे चांगलं.

मग नालबंदाचा आणि जनावरांच्या डॉक्टरचा नंबर मागा. आधीच्या गिऱ्हाइकांपेक्षा नालबंद जास्त खरं सांगतो. त्याने तो पाय दर दोन महिन्यांनी हातात धरलेला असतो, आणि लाथही त्यानेच खाल्लेली असते.

पहिली भेट

सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी पोचा. घोडा दावणीला, कोरडा आणि थंड असायला हवा. खोगिराच्या जागी पाठीवर आणि छातीवर हात ठेवा. केस ओले किंवा अंग गरम असेल तर तुम्ही यायच्या आधी त्याला दमवून शांत केलंय. शेजारी पाण्याची बादली आहे का बघा. दिवसभर तहानलेलं ठेवलेलं जनावरही गरीब दिसतं. बादली पुढे करा. एका दमात अर्धी रिकामी केली तर का, ते विचारा.

घोड्याच्या आधी तबेला बघा. गव्हाणीची कड दातांनी कुरतडून गोल झाली असेल तर घोडा लाकूड धरून हवा गिळणारा असू शकतो. ही खोड सहसा सुटत नाही. बरेच मालक त्यासाठी गळ्याला घट्ट पट्टा बांधतात आणि गिऱ्हाईक येणार म्हटलं की काढून ठेवतात. म्हणून कानामागे आणि घशाखाली बोटं फिरवा. तिथले केस पट्ट्याएवढ्या रुंदीत झिजलेले लागले तर समजा. मागच्या भिंतीवर अर्धगोल ठोके असतील तर ते लाथांचे.

मग तोंड. ओठांचे कोपरे आणि जीभ बघा. जुने व्रण, जिभेवर आडवी खाच म्हणजे काटेरी लगाम वापरलेला. अशा लगामाला १९६५ च्या केंद्रीय नियमांनीच बंदी आहे. अशा घोड्याचं तोंड एक तर बधिर होतं, नाहीतर लगाम दिसताच तो डोकं वर फेकतो. विकणाऱ्याबद्दलही काय समजायचं ते समजतं.

वय

वयात लबाडी सगळ्यात जास्त. समोरचे दुधाचे दात जोडीजोडीने पडतात. मधली जोडी अडीच वर्षांना बदलते, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला, आणि पाचव्या वर्षी तोंड भरतं. त्यानंतर खालच्या दातांच्या माथ्यावरचे काळे खळगे झिजत जातात: मधले सुमारे सहाव्या वर्षी, शेजारचे सातव्या, कडेचे आठव्या. वरच्या कडेच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी उभी खाच दिसू लागते. ती पंधराव्या वर्षी निम्म्यावर येते आणि विसाव्या वर्षी दाताच्या टोकाला पोचते. हे सगळं अंदाजाचं. दहाच्या पुढे दोन-तीन वर्षं इकडेतिकडे होतात.

म्हाताऱ्या घोड्याच्या दातावर खोटा खळगा कोरून काळा करण्याची युक्ती जुनी आहे. पकडायची अशी: खऱ्या खळग्याभोवती पांढऱ्या, टणक कवचाची उंचवट्यासारखी कडी असते, कोरलेल्याला नसते. शिवाय दाताचा माथा बदलता येत नाही. तरुणपणी तो आडवा लांबट असतो, वय झालं की तिकोनी होतो. "सात वर्षांचा" सांगितला आणि माथे तिकोनी दिसले, तर दातांबद्दल वाद घालत बसू नका. गाडीत बसा.

चाल

विकणाऱ्याच्या माणसाला सैल दोरीवर घोडा आधी चालवायला सांगा, मग दुडकीवर पळवायला. जमीन कडक आणि सपाट हवी. चिरेखाणीकडचा जांभ्याचा रस्ता उत्तम. मऊ शेतात बारीक लंगडणं झाकलं जातं. दोरी तोंडाशी आखूड धरून डोकं वर उचललं असेल तर "सोड" म्हणा, कारण डोक्यावरच सगळं कळतं. पुढचा दुखरा पाय टेकला की डोकं वर जातं, चांगला टेकला की खाली येतं. मागच्या पायाचं कळायला मागे उभं राहून ढुंगणाची दोन्ही हाडं बघा. एक बाजू जास्त वरखाली होत असेल तर त्या पायात काहीतरी आहे. शेवटी लहान वर्तुळात दोन्ही बाजूंना फिरवा.

वेदनाशामक देऊन लंगडणं झाकता येतं, शांत करणारं औषध देऊन स्वभाव झाकता येतो. खालचा ओठ लोंबलेला, पापण्या जड, नर असेल तर लिंग बाहेर लटकलेलं, टाळी वाजवली तरी कान हलत नाहीत, अशी लक्षणं दिसली तर त्या दिवशी काही ठरवू नका. साधारण आठवड्याने, न सांगता परत जा. रोज औषध देत राहणं महाग पडतं.

बसायचं ते आधी विकणाऱ्याच्या माणसाने, मग तुम्ही. तो बसायला तयार नसेल तर तुम्हीही बसू नका. "कुणीही बसू शकतं" हे वाक्य वजनावर तपासा. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १६०, लांबी १५० असेल तर वजन साधारण ३२३ किलो. खोगिरासकट त्याच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त, म्हणजे इथे ६५ किलोच्या वर, लादू नये.

डॉक्टर आणि रक्त

तपासणारा डॉक्टर तुमचा हवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. गोव्यात बहुतेक डॉक्टरांचा हात गाई-म्हशी आणि कुत्र्यांवर बसलेला असतो, म्हणून घोडे बघणारा शोधून, गाडीभाडं देऊन न्या. स्वस्थ उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप ९९ ते १०१ फॅरनहाइटच्या आसपास.

रक्ताची ग्लँडर्स चाचणी टाळू नका. हा रोग माणसालाही होतो, आणि २००९ च्या संसर्गजन्य पशुरोग कायद्याखाली तो कळवावा लागतो. बाधित घोडा मारावाच लागतो. देशात या चाचण्यांचं मुख्य केंद्र हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र. सोबत सर्रा (चावऱ्या माश्यांमुळे पसरणारा रक्तातला रोग) आणि गोचिडीच्या तापाचीही तपासणी करून घ्या. दोन्हीत घोडा वरून बरा दिसतो आणि आतून खंगत जातो. थोडं रक्त डॉक्टरकडे राखून ठेवायला सांगा, म्हणजे नंतर औषधाचा संशय आला तर तपासता येईल. "नमुना राखून ठेवणार आहे" एवढं ऐकूनच काहींचा सूर बदलतो.

घोडी "गाभण आहे" म्हणून किंमत चढवली तर सोनोग्राफी होईपर्यंत ती रिकामी समजा.

विसार आणि कागद

बाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव करतात. तुम्ही तसं करू नका. मालकासमोर, मोठ्याने, आकडा बोला आणि दलालाचं किती ते वेगळं विचारा. विसार दहा टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका, आणि पावतीवर लिहून घ्या: डॉक्टरच्या तपासणीत किंवा ग्लँडर्सच्या चाचणीत दोष निघाला तर विसार परत. पैसे बँकेतून आणि ज्याच्या नावाचा घोडा त्याच्याच खात्यात. "भाच्याच्या खात्यात टाका" याला नकार.

विक्रीच्या कागदावर रंग (कुमैत, अबलख, मुश्की जे असेल ते), कपाळावरचे आणि पायांचे पांढरे पट्टे, भोवरे, दातांवरून वय, उंची, मायक्रोचिप असेल तर तिचा क्रमांक, आणि सांगितलेल्या खोडी, हे सगळं हवं. उंची काठीने स्वतः मोजा, मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यावर आणि सपाट फरशीवर. उतारावर उभा करून दोन इंच वाढवणं फार सोपं असतं. भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ सांगून भाव चढवतात तिकडे दुर्लक्ष करा, पण ओळख म्हणून भोवरे उत्तम. ते बदलत नाहीत.

गाडीत चढवताना डॉक्टरचं प्रवासयोग्यतेचं प्रमाणपत्र आणि ग्लँडर्सचा अहवाल ड्रायव्हरजवळ असू द्या. चोर्ला किंवा अनमोड घाटात नाक्यावर अडवलं तर हेच दाखवायचं. दोरी एवढी सैल हवी की घोड्याला डोकं खाली करून शिंकता येईल. डोकं वर बांधून नेलेल्या घोड्याला फुप्फुसाचा ताप येतो. दर चार तासांनी थांबा, पाणी पाजा. घरी आल्यावर तीन आठवडे दुसऱ्या घोड्यांपासून वेगळा ठेवा.

निघताना विकणाऱ्याकडून आठवडाभराचा त्याचाच चारा आणि खुराक मागून घ्या आणि रोजचं प्रमाण लिहून घ्या: सकाळी किती, रात्री किती, चणे भिजवलेले की कोरडे. घाटावरच्या कडब्यावरून एकदम आपल्या भाताच्या पेंढ्यावर आणला तर पोटशूळ होण्याची भीती असते. म्हणून पहिले दोन-तीन दिवस त्याचाच चारा द्या, मग रोज मूठमूठ आपला वाढवत दहा दिवसांत बदला. दोन पोती चारा बांधून देताना ज्याच्या कपाळावर आठी येत नाही आणि जो वर "पहिले चार दिवस चणे निम्मे करा" असं आपणहून सांगतो, त्याचा नंबर जपून ठेवा.