सल्लागाराचा अहवाल कपाटात पडू नये म्हणून

सल्लागार नेमला, पैसे दिले, अहवालही आला. पण तो कोणी उघडत नाही. स्वयंसेवी संस्थांमध्ये हे सर्रास होतं आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा सल्लागाराला सुरुवातीला दिलेल्या कामाच्या टिपणात सापडतं. त्यात नुसतं ‘संस्था सक्षम करणे’ लिहिलं, तर त्याचा अर्थ प्रत्येक जण आपापला लावतो. आम्ही आता एका पानात अडचण, हातात काय हवं, मुदत आणि अंतिम निर्णय कोणाचा, एवढंच लिहितो. ‘देणगीदारांच्या तीन याद्यांची एक करा आणि दोन कर्मचाऱ्यांना ती चालवायला शिकवा’ असं लिहिलं, की आलेली कोटेशनं एकमेकांशी ताडून बघता येतात.

हे पान तीन सल्लागारांना तरी पाठवा. बोलायला येणारा माणूसच काम करणार आहे का, ते आधीच विचारा; मोठ्या फर्ममध्ये इथेच गडबड होते. जुन्या ग्राहकाला ‘काम कसं होतं?’ विचारलं तर सगळे चांगलंच सांगतात. ‘त्यातलं आज काय वापरात आहे?’ असं विचारा.

पैसे टप्प्याटप्प्याने, हातात आलेल्या कामावर. फाइली आणि पासवर्ड संस्थेचे, हे करारात हवंच. निधी उभारणीसाठी जमलेल्या रकमेच्या टक्केवारीवर मात्र कोणालाही नेमू नका: देणगीदाराला कळलं की विश्वास उडतो, आणि सल्लागारही नातं जपण्याऐवजी चटकन मिळणाऱ्या रकमेमागे लागतो.